चाळीस दिवस मोजायचे कसे?

प्रश्न: ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ (लेंट) चाळीस दिवसांचा म्हणतात. पण तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात, मग चाळीस कसे? आणि या काळात काही सोडण्याचा माझा नेम दुसऱ्याच आठवड्यात का ढेपाळतो?

उत्तर: मधले सहा रविवार वजा करा, रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो. कॅथलिक नियमाने सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे): एकदा पोटभर, शिवाय दोनदा थोडेसे, तेही मिळून एका जेवणाएवढे नको. वय १८ ते ५९, आजाऱ्यांना सूट.

नेम मोडतो तो बहुधा पाच गोष्टी एकदम सोडल्याने, आणि मोकळा झालेला वेळ तसाच राहिल्याने. एकच सोडा. रात्रीचा मोबाइल सोडलात, तर तो अर्धा तास शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूचरित्राच्या) एकाच उताऱ्याला द्या, मोठ्याने वाचून. पापनिवेदनाला (धर्मगुरूपुढे पापे कबूल करायला) पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, रांग लागते, आधीच जा.