ऑक्लाहोमातल्या जमिनीसाठी तेल कंपनीची लीज ऑफर आलीये, ती योग्य आहे का हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की किंगफिशर काउंटीत तुमची 80 एकर जागा आहे, खालचे मिनरल राइट्स (जमिनीखालच्या तेल-गॅसची मालकी) निम्मे तुमच्याकडे आहेत, आणि एका लँडमनचं (तेल कंपनीसाठी लीज मिळवणाऱ्या माणसाचं) पत्र आलंय: एकरी 1000 डॉलर बोनस (सहीचे एकरकमी पैसे), 3/16 रॉयल्टी (विकलेल्या मालातला तुमचा वाटा), तीन वर्षांचं लीज आणि पुढे दोन वर्षं वाढवायचा ऑप्शन, दहा दिवसांत सही करून पाठवा. एवढ्यावर सही करावी का?

आधी ते दहा दिवस डोक्यातून काढून टाका. ती मुदत लँडमनने घातलीये, कायद्याने नाही. तुमचे मिनरल्स त्यांना हवे असतील तर अकराव्या दिवशीही हवेच असणार.

मी ऑक्लाहोमातच राहतो, आमच्याही जागेखालचे थोडे मिनरल्स आमचे आहेत. आपल्याकडे सातबारा नावावर असला तरी खालचं तेल सरकारचं, त्यामुळे इथे पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं की न मागता पैसे मिळतायत, मग घासाघीस कशाला करायची. छापील फॉर्मवर 1/8 रॉयल्टीला सही केली. नंतर कळलं की रस्त्यापलीकडच्या आजोबांना त्याच कंपनीने त्याच महिन्यात 1/5 दिली होती, फक्त त्यांनी मागितली म्हणून. विहीर अजून चालू आहे आणि दर महिन्याला चेक येतो तेव्हा मला ते आठवतं, म्हणून हे एवढं लांब लिहितोय.

तर भाव कुठे कळतो? लँडमनला विचारून नाही, आणि जमिनीचे कागद नोंदवणाऱ्या काउंटी क्लर्ककडेही पूर्ण नाही, कारण तिथे बऱ्याचदा लीजचा फक्त मेमोरँडम, म्हणजे छोटा सारांश, नोंदवलेला असतो, त्यात बोनसचा आकडा नसतो. पण ऑक्लाहोमात एक फार चांगली सोय आहे, ती म्हणजे कॉर्पोरेशन कमिशनच्या (तेल-गॅसवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या) पूलिंग ऑर्डर. कंपनीला विहीर खोदायची असते आणि काही मालक सही करत नाहीत, तेव्हा ती कमिशनकडे फोर्स्ड पूलिंगचा, म्हणजे सही न करणाऱ्यांचेही हिस्से विहिरीत सक्तीने सामील करून घेण्याचा, अर्ज करते. तिथे तिला दाखवावं लागतं की त्या सेक्शनमध्ये (साधारण एक चौरस मैलाचा जमिनीचा चौकोन) आणि भोवतीच्या आठ सेक्शनमध्ये अलीकडे लीजला काय पैसे दिले गेलेत, आणि त्यावरून कमिशन पर्याय ठरवून देतं, म्हणजे 1/8 रॉयल्टी घेतली तर बोनस मोठा, 3/16 घेतली तर कमी, 1/4 घेतली तर त्याहून कमी किंवा काहीच नाही. या ऑर्डर ऑनलाइन कोणालाही वाचता येतात. तुमच्या डीडवरचा (खरेदीखतावरचा) सेक्शन, टाउनशिप, रेंज, म्हणजे जागा नेमकी कुठे आहे ते सांगणारे आकडे काढा आणि आसपासच्या शेवटच्या दोन-तीन ऑर्डर वाचा. तिथे 3/16 ला जो आकडा दिसेल तो तुमच्या 1000 डॉलरशेजारी ठेवा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

लँडमन फोनवर म्हणेल की सही नाही केली तर तुम्हाला पूल करू. घाबरू नका. पूलिंगमध्ये तुमचे मिनरल्स कोणी काढून घेत नाही, वरचेच पर्याय तुमच्यासमोर येतात, आणि ती ऑर्डर फक्त त्यात लिहिलेल्या युनिटला (विहिरींसाठी एकत्र धरलेली जमीन) आणि फॉर्मेशनला (खडकाचा थर) लागू असते, त्यामुळे वाईट लीजपेक्षा कधीकधी तेच बरं पडतं. मात्र ऑर्डर निघाली की साधारण 20 दिवसांत लेखी कळवावं लागतं, नाही कळवलं तर ऑर्डरमध्ये ठरवून दिलेला पर्याय आपोआप लागतो, म्हणून कमिशनकडून आलेलं पाकीट कधीही न उघडता ठेवू नका. आणि त्या पर्यायांमध्ये खर्चात भागीदार होण्याचाही एक असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, आडव्या विहिरीचा खर्च काही मिलियन डॉलर असतो.

आता बोनस की रॉयल्टी, कारण सगळे इथेच फसतात. 80 एकरांखालचे निम्मे मिनरल्स तुमचे, म्हणून तुमचे नेट एकर 40. बोनस झाला 40,000 डॉलर, आकडा डोळ्यात भरतो. पण समजा 1280 एकरांचं युनिट झालं, तर त्यात तुमचा वाटा 40 भागिले 1280, म्हणजे 3.125 टक्के, आणि त्याला रॉयल्टीने गुणायचं. 3/16 ने 0.00586 होतो, 1/4 ने 0.00781. एका विहिरीने तिच्या आयुष्यात 10 मिलियन डॉलरचा माल विकला असं उदाहरणादाखल धरलं तर पहिल्यात साधारण 58,600 डॉलर आणि दुसऱ्यात 78,100, टॅक्स वगैरे सोडून. फरक साडेएकोणीस हजारांचा, आणि तो एका विहिरीमागे. त्याच युनिटमध्ये चार विहिरी झाल्या तर नुसता फरकच अठ्ठ्याहत्तर हजारांवर जातो, म्हणजे तुमच्या बोनसच्या जवळपास दुप्पट.

पण विहीर खोदलीच नाही तर 1/4 रॉयल्टीचे शून्य डॉलर होतात, आणि बहुतेक लीज न खोदताच संपतात. म्हणून माझा नियम असा, तुमच्या सेक्शनवर स्पेसिंगचा (युनिट ठरवण्याचा) किंवा पूलिंगचा अर्ज दाखल झालाय का, शेजारी ड्रिलिंग परमिट निघालंय का ते आधी बघायचं, हेही कमिशनकडेच दिसतं. निघालं असेल तर बोनस थोडा सोडा आणि रॉयल्टी वाढवून मागा. काहीच हालचाल नसेल तर कोणीतरी नुसतं लीज गोळा करून पुढे विकणार असेल, तेव्हा बोनसच काय तो खरा, तो नीट घ्या.

कागदातल्या बाकीच्या गोष्टी. फॉर्मवर 'प्रोड्युसर्स 88' छापलेलं असेल तर तो सरकारी किंवा ठरलेला फॉर्म आहे असं समजू नका, या नावाचे फॉर्म कितीतरी आहेत आणि प्रत्येकात मजकूर वेगळा असतो. रॉयल्टीच्या कलमात गॅस गोळा करणं, कॉम्प्रेशन, ट्रान्सपोर्ट यांचे खर्च तुमच्या वाट्यातून कापणार का ते बघा, आणि कापू नयेत असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर कागदावरचे 3/16 हातात येईपर्यंत बरेच कमी होतात. खोलीचं कलम मागा, म्हणजे मुदत संपल्यावर विहीर जिथवर गेलीये त्याच्या खालचे थर तुमच्याकडे परत येतील, नाहीतर एका विहिरीवर सगळी खोली वर्षानुवर्षं अडकून राहते. वॉरंटीचं कलम, म्हणजे मालकीची तुमची हमी, खोडा, कारण टायटलमध्ये (मालकी हक्कात) पुढे खोट निघाली तर पैसे परत करायची जबाबदारी तुमच्यावर येते. दोन वर्षांचा ऑप्शन काढूनच टाकायला सांगा, ऐकलं नाही तर त्यासाठी पुन्हा पूर्ण बोनस मागा. वर घर किंवा तळं असेल तर जमिनीवर रिग येणार नाही हेही लिहून घ्या.

आणखी एक, यात माणसं खरंच रडलेली पाहिलीयत. कागदाचं शीर्षक वाचा. 'ऑइल अँड गॅस लीज' असेल तर ठीक, 'मिनरल डीड' असेल तर ती विक्री आहे, भाड्याने देणं नाही, आणि आकडा मोठा दिसतो तो त्यामुळेच. सोबत चेक आला असेल तर त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय बँकेत टाकू नका.

पैसे बऱ्याचदा ड्राफ्टने देतात आणि तो आपल्या बँकेतल्या ड्राफ्टसारखा नसतो, कंपनी टायटल तपासून ठराविक दिवसांत तो वटवते किंवा सरळ परत पाठवते. नोटरी केलेलं मूळ लीज आधी पाठवून बसू नका, नाहीतर इकडे लीज नोंदवलेलं आणि तिकडे खात्यात काही नाही असं होतं. मूळ कागद तुमच्या बँकेमार्फत द्या, पैसे जमा झाले की तो सुटेल अशी सूचना लिहून.

तुमच्या आकड्यांवरून माझं मत विचाराल तर 3/16 अपमानकारक नाही, पण पहिल्या पत्रातली आहे म्हणजे वर जागा आहे. या आठवड्यात लँडमनला एवढंच ईमेल करा की 1/5 आणि 1/4 ला बोनस किती द्याल ते लेखी कळवा, आणि लीजचा पूर्ण फॉर्म पाठवा. तोवर पूलिंग ऑर्डर वाचून काढा. फॉर्म आला की ऑइल गॅसचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, घराचे कागद करणारा नको, आणि 40 एकरांसाठी त्याची फी खुशाल द्या.