सेकंडहँड गाडी आधी ठोकलेली आहे का, हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

पॉलिशवर जाऊ नका, चकाचक करायला एक दिवस पुरतो. बोनेट उघडा आणि त्याचे, फेंडरचे बोल्ट बघा, कंपनीतून येताना त्यांच्यावरही रंग असतो, कडेला पान्याचे ओरखडे दिसले म्हणजे ते कधीतरी खोललेत. मग दाराचं रबर बीडिंग थोडं ओढून आतला पत्रा बघा, कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल खड्डे एका ओळीत सारख्या अंतरावर असतात, तिथे पुट्टी किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं की गाडी सोडून द्या, पिलरला, म्हणजे दाराच्या चौकटीतल्या खांबाला, मार म्हणजे गंमत नाही. बंपर किंवा दार बदललेलं असेल तर एवढं काही नाही, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये ते चालायचंच, फक्त भाव पाडून घ्या.

मी फसलो ते इन्शुरन्सची पॉलिसी न बघितल्यामुळे. क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) मिळतो, वाढत ५० पर्यंत जातो. चार वर्षं एकाच मालकाकडे गाडी आणि एनसीबी शून्य, तर विचारा ना बाबा क्लेम कशाचा होता! मी नव्हतं विचारलं, पुढे टायर एकाच बाजूने झिजायला लागले तेव्हा मेकॅनिकने खालून वाकलेली चासी दाखवली.