मुलीला सातवीत क्लासिकल ख्रिश्चन शाळेत घातलं, तर लॅटिन आणि लॉजिक झेपेल का?

तुम्ही टेक्ससमध्ये राहता, मुलगी पब्लिक स्कूलमधून सहावी करून ऑगस्टमध्ये खासगी क्लासिकल ख्रिश्चन शाळेत जाणार. अभ्यास झेपेल का आणि घर हिंदू असल्यामुळे अडचण येईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसरा आधी घेतो, कारण प्रवेशच त्यावर अडतो. काही शाळांना आईवडिलांपैकी निदान एकजण चर्चचा सभासद लागतो, पाळकांचं पत्रही मागतात. तिथे अर्जाची फी भरूच नका. बाकीच्या शाळा कुठल्याही धर्माचं मूल घेतात, पण पालकांची शाळेच्या श्रद्धापत्रकावर (शाळा काय मानते ते सांगणाऱ्या कागदावर) सही घेतात. ती सही ‘आम्हाला हे मान्य आहे’ याखाली आहे की ‘शाळा हे शिकवते याची कल्पना आहे’ याखाली, ते नीट वाचा. बायबल हा मार्कांचा विषय असतो, चॅपल म्हणजे शाळेतली प्रार्थनासभाही चुकवता येत नाही. उत्क्रांती कशी शिकवतात हे तोंडी विचारून थांबू नका, जीवशास्त्राचं पुस्तक मागून चाळा. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं शिकवणाऱ्या शाळा यात आहेत, तसं न शिकवणाऱ्याही आहेत.

आता अभ्यास. या शाळांचा सगळा डोलारा ट्रिव्हियमवर उभा आहे: ग्रामर (व्याकरण), लॉजिक (तर्कशास्त्र), ऱ्हेटरिक (वक्तृत्व). मध्ययुगातले हे तीन विषय मुलांच्या तीन वयांना जोडून दाखवले ते ब्रिटिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी, १९४७ साली ऑक्सफर्डच्या एका भाषणात. आयडाहोतल्या मॉस्को गावात १९८१ मध्ये निघालेल्या लोगोस स्कूलने ते वर्गात उतरवलं. लहानपणी पाठांतर, अडनिड्या वयात वादविवाद, मोठेपणी मांडणी. सातवी म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा उंबरठा. गोम अशी की बाकीच्या मुलांनी लॅटिनचे तक्ते तिसरी-चौथीपासून सुरात घोकलेले असतात, तुमची मुलगी कोऱ्या पाटीने जाणार. म्हणून प्रश्न हुशारीचा नाही. तो साठा उन्हाळ्याच्या सुटीत भरून निघतो का, एवढाच आहे.

आणि इथे तुमच्याकडे हुकमाचा पत्ता आहे: मराठी. फक्त इंग्रजी येणाऱ्या मुलाला विभक्ती म्हणजे काय हे गळी उतरवायलाच बरेच दिवस जातात. ‘शेतकरी मुलीला बघतो’ आणि ‘मुलीला शेतकरी बघतो’ यांचा अर्थ एकच, कारण कोण कोणाला बघतो हे शब्दांची जागा ठरवत नाही, ‘ला’ ठरवतो. लॅटिनमध्ये ‘अग्रिकोला पुएल्लाम विदेत’ म्हणा किंवा ‘पुएल्लाम अग्रिकोला विदेत’, फरक पडत नाही. ‘पुएल्लाम’मधला शेवटचा म म्हणजे आपला ‘ला’. घरात कोणाला संस्कृत येत असेल तर ‘माला’ची द्वितीया विचारा: मालाम्. मुलीचे डोळे चमकतील. ‘एस्त’ (आहे) आणि ‘सुन्त’ (आहेत) ही रूपंही अस्ति आणि सन्ति यांचीच भावंडं.

गोंधळ होतो तो अ‍ॅब्लेटिव या लॅटिन विभक्तीला. आपल्या तृतीया, पंचमी, सप्तमी या तिघींचं काम लॅटिन त्या एकीवर ढकलते. ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने, ‘एक्स उर्बे’ शहरातून, ‘इन उर्बे’ शहरात. तक्त्यापुढे मराठी प्रत्यय लिहून ठेवले की निम्मं काम होतं.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: नामाचं एकच रूप पाठ करायचं. नामांचे पाच गट आहेत. पहिल्या दोनांत ते बहुतेक खपून जातं, तिसऱ्यात नाही. राजा म्हणजे ‘रेक्स’, पण राजाला म्हणायचं तर ‘रेगेम’. हा ग आला कुठून? षष्ठीच्या ‘रेगिस’मधून. तिथला ‘इस’ काढला की अंग, म्हणजे प्रत्यय लागतात तो भाग, मिळतं. म्हणून कार्डावर कायम जोडी लिहायची: रेक्स-रेगिस, नोमेन-नोमिनिस.

सुटीतले दहा आठवडे धरा. रोज २५ मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला आठ नवे शब्द. ४०० शब्द होतात. पहिले तीन आठवडे पहिले दोन गट आणि ‘आमो, आमास, आमात’ (प्रेम करणे) या क्रियापदाचा वर्तमानकाळ, पुढचे चार फक्त तिसरा गट, उरलेले तीन छोट्या वाक्यांना. रविवारी एकदम दोन तास बसवणं फुकट जातं. सुरू करण्याआधी शाळेत उच्चार विचारून घ्या. सीझरचं ‘मी जिंकलो’ प्राचीन पद्धतीत ‘वीकी’ होतं, चर्चच्या पद्धतीत ‘वीची’. चुकीचं बसलं की काढायला त्रास होतो.

लॉजिकचा बाऊ नको. तुम्ही बारावीला तर्कशास्त्र घेतलं असेल, तर तेच संविधान (दोन विधानांवरून तिसरं काढणारा युक्तिवाद), तेच मध्यपद (पहिल्या दोन्ही विधानांत येणारं पद). मुलं मार्क घालवतात ती सत्य आणि वैधता यांची गल्लत करून. ‘सगळे बटाटे उडतात, पुणे बटाटा आहे, म्हणून पुणे उडतं’ हा युक्तिवाद विधानं खोटी असली तरी वैध आहे. ‘सगळ्या मांजरी सस्तन, सगळे कुत्रे सस्तन, म्हणून कुत्रे मांजरी’ हा अवैध, मध्यपद अव्याप्त राहिलं, म्हणजे सगळ्या सस्तनांबद्दल कुठेच काही म्हटलेलं नाही.

नववीपासून ग्रंथवाचन, गोल बसून चर्चा आणि शेवटच्या वर्षी परीक्षकांपुढे मांडायचा प्रबंध. विचारल्याशिवाय बोलू नये हा आपला संस्कार इथे महागात पडतो, चर्चेत बोलण्यालाच मार्क असतात. आदल्या रात्री पान क्रमांकासकट दोन प्रश्न लिहून नेणं हा त्यावरचा उपाय. गणित-विज्ञानाची बाजू मात्र पारखून घ्या. कॅल्क्युलस शिकवतात का, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा खरंच वापरात आहे का? या वर्तुळात सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचं कौतुक असतं (तीन भाग, १२० प्रश्न, फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं २०२३ पासून ती मानतात), तरी एसएटी सोडू नका.

युनिफॉर्म, हाउसचे गुण, फोनबंदी, हे मुलं महिन्याभरात अंगवळणी पाडून घेतात. माझ्या मते खरी अडचण वर्गाच्या आकाराची. एका इयत्तेत अनेकदा एकच तुकडी असते. मैत्रिणींशी बिनसलं तर दुसरीकडे बसायला जागा नाही. त्यामुळे एक दिवस वर्गात बसू देतात का विचारा, आणि मुलीला डब्याच्या सुटीपर्यंत थांबू द्या. निघताना सहावीचा लॅटिनचा जुना पेपर मागून आणा. काही शाळा आठवड्यातून दोन-तीन दिवसच भरतात, उरलेले दिवस घरी पालकांनीच शिकवायचं असतं. तुम्ही दोघंही नोकरीला जात असाल, तर हे फी विचारण्याआधी विचारा.