वाचकांचे प्रश्न: खातं आहे, कर्ज कुठाय?

प्रश्न: आमच्या गावात घरटी जनधन खातं आहे, बँकेचा माणूस मशीन घेऊन येतो, ठसा घेऊन पैसे पण देतो. तरी पेरणीच्या टायमाला निम्मं गाव सावकाराच्याच दारात. ग्रामीण बँकांमुळे खेड्यांचा विकास होतो असं मुलीच्या पुस्तकात लिहिलंय, ते खरं मानायचं का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: दादा, पुस्तक खोटं नाही, अर्धवट आहे. १९५१-५२ ला देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा साधारण ७० टक्के, सहकारी सोसायट्यांचा ३ च्या आसपास आणि व्यापारी बँकांचा तर १ टक्कासुद्धा नव्हता. म्हणजे बँक ही खेड्यात नव्हतीच मुळी. मग १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ ला ग्रामीण बँका सुरू झाल्या, १९८२ ला शेती आणि ग्रामीण कर्जाची शिखर बँक नाबार्ड आली. पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम केलं ते १९७७ च्या एका नियमानं, ज्याचं नाव कुणी घेत नाही: शहरात जिथं आधीच बँक आहे तिथं एक शाखा काढायची असेल तर जिथं बँकच नाही अशा चार ठिकाणी आधी शाखा काढा. १९९० पर्यंत हे चाललं, आणि नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले तर ज्या राज्यांत अशा शाखा जास्त निघाल्या तिथं खेड्यातली गरिबी पण जास्त कमी झाली. थकबाकी पण दाबून वाढली हेही खरंय, पुढं नियम गुंडाळला गेला त्याला ते एक कारण.

आता तुमच्या गावाचं बघू. जनधन २०१४ ला आलं, त्यानं खाती झाली, अनुदान, पेन्शन, पीएम किसानचे पैसे थेट यायला लागले, मधला हात मारणारा गेला, हे काम मोठंच आहे. पण खातं म्हणजे पैसे येण्याची सोय झाली, आणि शेतकऱ्याला मे-जूनमध्ये जे लागतं ते बियाणं-खतासाठी रोख कर्ज, ते पण वेळेवर. जुलैच्या शेवटी मंजूर झालेलं पीककर्ज काय कामाचं, तोवर पेरणी उरकलेली असते आणि सावकाराचे पैसे मातीत गेलेले असतात.

आणि ३१ मार्चचं, म्हणजे पीककर्ज परत भरायच्या तारखेचं नाटक तुम्हाला वेगळं सांगायला नको. कागदावर योजना चांगली आहे, पीककर्ज ७ टक्क्यांनी, वेळेत भरलं तर ३ टक्के सूट, वर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत, म्हणजे ३ लाखांपर्यंत व्याज शून्य. पण त्यासाठी मुद्दल तारखेच्या आत भरावं लागतं, आणि मार्चमध्ये कापूस विकून आलेला पैसा लग्नात, दवाखान्यात, नाहीतर जुन्या देण्यात गेलेला असतो. मग नवं-जुनं करायचं! सावकाराकडून शेकड्यानं पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, सोसायटीचं कामकाज बघणाऱ्या गटसचिवाच्या मागं लागून नवीन कर्ज काढायचं आणि तेच नेऊन सावकाराला द्यायचं. रेकॉर्डला वसुली झकास, सोसायटी खूश, बँक खूश, आणि शून्य टक्क्याच्या कर्जापायी माणूस सावकाराला महिन्याला शेकडा पाचनं व्याज देतो. नवीन कर्जाला पंधरा दिवस उशीर झाला की संपलंच. माझं स्पष्ट मत, परतफेडीची तारीख कॅलेंडरवर नाही तर माल बाजारात जाण्यावर ठरली पाहिजे.

प्रश्न: दीड लाखाच्या पीककर्जाला बँक तारण मागते, सिबिल खराब आहे म्हणून फिरवते. काय करू?
– एक शेतकरी, परभणी

उत्तर: जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आधी ही मर्यादा १.६ लाख होती. सिबिलचं, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणाऱ्या गुणांचं, मात्र गुंतागुंतीचं आहे, सरकार सांगतं बघू नका, शाखेतला साहेब बघतोच. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, सातबारा, आठ-अ जोडून अर्ज द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की अर्ध्या फायली आपोआप हलतात हा अनुभव आहे. नाहीच हलली तर जिल्हा अग्रणी बँकेच्या मॅनेजरकडे जा, आणि बँक राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण असेल तर तिच्याकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत नीट उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

प्रश्न: आमच्या बचत गटाचं कर्ज मंजूर झालं पण मॅनेजर म्हणतात आधी त्यातले ५० हजार एफडी करा. असं असतं का?
– एका गटाच्या अध्यक्ष, सातारा जिल्हा

उत्तर: नसतं ताई. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण नाही, मार्जिन म्हणजे पदरचा हिस्सा घालणं नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा नाही, आणि मंजुरीसाठी ठेव ठेवा असा आग्रहही धरता येत नाही. तुमच्याच कर्जातून एफडी म्हणजे जे पैसे वापरायलाच मिळणार नाहीत त्यावर पण व्याज भरायचं. गटाच्या बैठकीत ठराव करा, इतिवृत्तात लिहा, त्याची कॉपी शाखेत द्या आणि बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारच्या उमेद अभियानाच्या तालुका ऑफिसला पण एक द्या. एकट्या जाऊ नका, दहाच्या दहा जणी जा.