वाचक विचारतात : ढालगावच्या पवनचक्क्या आणि पाऊस

प्रश्न : पंढरपूरहून मिरजेला रेल्वेने जाताना ढालगावच्या परिसरात पवनचक्क्या दिसतात. आषाढीच्या सुमारास त्या फिरत असतात, तर कार्तिकीला अनेक थांबलेल्या दिसतात. इतक्या संथ फिरण्याने वीज कशी तयार होते? आणि त्यांच्यामुळे ढग पळतात, असे गावाकडे म्हणतात, ते खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी 15 किलोमीटरचा वारा 30 किलोमीटरचा झाला, तर शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. आषाढात नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असतात आणि कार्तिकात ते ओसरलेले असतात, त्यामुळे वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पदरात पडतो. वाऱ्याचा वेग ताशी 11 किलोमीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत यंत्र वीज देत नाही, आणि तो 90 किलोमीटरच्या पुढे गेला की पाती वाऱ्याला आडवी न राहता तिरपी वळतात व यंत्र स्वतःहून थांबते. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या चक्क्या वेगळ्याच.

संथपणा मात्र फसवा आहे. 40 मीटर लांबीचे पाते मिनिटाला 15 फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने जात असते. मनोऱ्याच्या माथ्यावरील पेटीत गिअरबॉक्स असतो. तो या 15 फेऱ्यांचे साधारण 1500 फेरे करून जनित्राला देतो. (काही यंत्रांत गिअरबॉक्सच नसतो.) जनित्रातून बहुधा 690 व्होल्टची वीज निघते, रोहित्र तिचा दाब 33 हजार व्होल्टपर्यंत चढवते आणि मग ती उपकेंद्राकडे जाते.

राहिले ढग. घरातला पंखा वीज घेऊन वारा घालतो. पवनचक्की उलट वाऱ्याचीच शक्ती काढून घेते, त्यामुळे पात्यांमागचा वारा मंदावतो. शिवाय पात्याचे टोक फार तर शे-दीडशे मीटर उंच जाते, तर पावसाळी ढग सहसा त्याच्या बरेच वर असतात. सोलापूर-सांगोल्याचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. 1876 चा दुष्काळ काय किंवा 1972 चा काय, तेव्हा या भागात एकही पवनचक्की उभी नव्हती.