मांडूची राईड, न उचललेले फोन आणि ताटलीतले खडे

प्रश्न : काकू नमस्कार, मी ३३ वर्षांचा आहे, इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहतो, घरी आईबाबा, बायको आणि धाकटा भाऊ. पाच महिन्यांपूर्वी आम्ही सात जण ओंकारेश्वरहून परत येत होतो, भेरूघाट चढताना वळणावर खडी सांडलेली होती आणि माझी बुलेट घसरली. म्हणजे असं सगळे सांगतात, मला स्वतःला चोरल गावात घेतलेला चहा आठवतो आणि मग डायरेक्ट हॉस्पिटलचा पंखा, मधलं काहीच नाही. डाव्या नडगीत रॉड टाकलाय, कॉलरबोन मोडलं होतं, डोक्याला मार होता पण सीटी स्कॅन नॉर्मल आला. ग्रुपने जे केलं ते लिहायला बसलो तर पान पुरणार नाही. दोघांनी वळणाच्या वर आणि खाली बाइक लावून येणारे ट्रक हळू केले, ग्रुपमधली एक मुलगी नर्स आहे तिने कोणाला माझं हेल्मेट ओढू दिलं नाही की पाणी पाजू दिलं नाही, १०८ येईपर्यंत माझं डोकं दोन्ही हातांत धरून तिथेच डांबरावर बसली होती म्हणे. डिपॉझिटचे ४०,००० त्यांनीच भरले, नंतर दीड महिना पाळ्या लावून मला कारने फिजिओला नेलं.

आणि आता मी त्यांचेच फोन उचलत नाहीये. त्यांनी पावसाळ्यात मांडूला माझी 'कमबॅक राईड' ठरवून टाकलीय, टीशर्टसुद्धा छापून झालेत. मला तर बाइकवरचं कव्हर काढवत नाही. परवा आई तांदूळ निवडत होती, खडे वेचून स्टीलच्या ताटलीत टाकत होती, त्या टिक् टिक् आवाजाने माझे हात घामाने ओले झाले, उठून गच्चीवर गेलो. मागे जो चालवत होता त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, त्याच्याकडे सगळ्याचा व्हिडिओ आहे. बघू का? चूक माझी होती का ते मला कळायला पाहिजे. आई म्हणते विकून टाक गाडी, भाऊ म्हणतो काही नाही होत रे, हेल्मेटवर नुसता एक ओरखडा आलाय (ते आता तोच घालतो). ज्यांनी जीव वाचवला त्यांनाच टाळून राहिलोय, लाज वाटते. काय करू?
एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी ते हेल्मेट भावाच्या डोक्यावरून उतरव, बाकीचं नंतर बोलू. बाहेरून ओरखडा दिसतो पण आतला जो थर्मोकोलसारखा थर असतो तो तुझ्या डोक्याचा धक्का घेताना दबलाय आणि तो परत फुगत नाही, एकदा पडण्यापुरताच असतो तो. फेकताना पट्टे कापून फेक, नाहीतर कबाडीकडून दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाईल. नवीन घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा नंबर बघून घे, दुकानदार "एकदम मजबूत है भिया" म्हणेलच, ते सोड.

आता व्हिडिओ. मी ३१ वर्षं फिजिओथेरपी केली, डोक्याला मार लागलेले कितीतरी पेशंट बघितले आणि जवळजवळ प्रत्येकाला हेच हवं असायचं की मधलं आठवावं. ते बहुतेक वेळा येत नाही रे. मार लागला की मेंदू त्या वेळचं लिहूनच घेत नाही, फाइल सेव्हच झालेली नसते, मग व्हिडिओ बघून ती उघडणार कुठून? उलट काय होतं, बघितलेला व्हिडिओ आपली आठवण म्हणून डोक्यात बसतो आणि रात्री तोच चालू होतो. ताटलीतल्या खड्यांनी तुला घाम फुटतोय, त्यात ही भर आत्ता नको. डिलीट करू नको म्हणून सांग, इन्शुरन्सच्या कामाला लागू शकतो, पण तू बघू नकोस, निदान एकट्याने रात्री मोबाइलवर तर मुळीच नाही. चूक कोणाची हे कळायला बघायची गरजही नाही, ज्याने बघितलाय त्याला चार वाक्यांत विचार, स्पीड किती होता, खडी आधीपासून दिसत होती का, बाकीचे कसे निघाले.

आणि इथे मला तुझ्या पत्रातला तो मागचा मुलगा दिसून राहिलाय, ज्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. तुझ्याकडे ती दहा-पंधरा मिनिटं नाहीतच, त्याच्याकडे सगळी आहेत, कॅमेऱ्यात नाही म्हणत मी, डोळ्यात. मित्र समोर पडताना बघितला, वाचवायला ब्रेक मारला असेल, तू बोलत नव्हतास तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत बसला असेल. आता तू फोन उचलत नाहीस म्हणजे त्याने काय समजायचं? सहा जणांपैकी पहिला फोन त्याला कर. मांडूबद्दल काही बोलू नको, नुसतं विचार, तू कसा आहेस.

एक माझं सांगते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मालवा मिलच्या चौकात मी लुनावरून पडले, साडी चाकात अडकली आणि निऱ्या सुटल्या. तिथल्या एका भाजीवालीने गोणपाटाचा आडोसा करून मला साडी नेसवून दिली, कोपर धुतलं, वर दोन लिंबंही दिली, कशाला ते तिलाच माहीत. त्यानंतर कितीतरी महिने मी त्या चौकातून गेले नाही. घरी वाटलं लुनाला घाबरली, पण लुना तर मी पंधरवड्यातच चालवायला लागले होते! मला त्या बाईच्या समोर जाववत नव्हतं, तिने मला तसं बघितलं होतं ना. तुझंही थोडंसं हेच आहे असं मला वाटतं. नडगी मोडून, लाळ गळत, भान नाही अशा अवस्थेत त्यांनी तुला उचललं, वर पैसे भरले, आणि तुझ्या मनाने हिशोब लावलाय की हे फेडायचा एकच रस्ता, परत गाडीवर बसून मांडूला जाणं. ते जमत नाही म्हणून फोन उचलत नाहीस. भीती वेगळी आणि उधारी वेगळी, तू दोन्ही एका डब्यात भरलेत.

उधारीचं सोपं आहे. ४०,००० परत कर, ते नाही नाही म्हणतील तरी कर, एकदम नाही जमलं तर महिन्याला थोडे थोडे. दोस्तीत हिशोब नसतो वगैरे ते बोलतील, पण तुला झोप यायला हवी असेल तर हिशोब होऊ दे. अगदीच नाही घेतले तर त्याच पैशात ग्रुपसाठी फर्स्ट एडचं नीट किट घे, ट्रँगलचे दोन बोर्ड घे, वळणावर दर वेळी बाइक आडव्या लावून भागायचं नाही.

मांडूला नाही म्हणून सांग. मेसेज टाक, लांबलचक नको, "टीशर्ट घेतो, राईडला येत नाही, रविवारी घरी पोहे खायला या" एवढंच. पोह्यांवर शेव आणि जीरावन घाल आणि एक अट ठेव, कधी बसणार हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. सगळे सहा एकदम नको बोलावू, दोन-दोन येऊ दे. रस्त्यावर जीव लावून धावणारे लोक घरात कसं बसायचं ते शिकलेले नसतात, त्यांना वाटतं पोराला हुरूप द्यायला हवा. त्यांना हुरूप सोडून दुसरं काम सांग, तुला बँकेत सोडायचं, कुंदाचा पेढा आणायचा, काहीही.

भीतीला मात्र डॉक्टर लागेल. पहिल्या महिन्यात दचकणं, झोप उडणं होतंच, पण पाच महिने झाले आणि तू ताटलीच्या आवाजाला गच्चीवर पळतोस म्हणजे आता हे आपोआप जाईल याची वाट बघू नको. सायकॉलॉजिस्टकडे जा, जाताना असं विचार की अपघातानंतरच्या ट्रॉमाची सीबीटी किंवा ईएमडीआर (ट्रॉमावरच्या दोन थेरपी) करता का, नुसत्या गप्पा मारून पाठवणारे पण असतात. आजच कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी लाइन आहे, फुकट आणि चोवीस तास. घरी एक कर, आई तांदूळ निवडते तेव्हा उठून गच्चीवर जाऊ नको, दुसऱ्या खोलीत दार उघडं ठेवून बस, मग दोन दिवसांनी उंबऱ्यात, मग शेजारी. पळालं की तो आवाज मोठा होतो. फार झालं तर थांब, मर्दानगी दाखवायची नाहीये.

गाडी विकायची की नाही ते आईलाही सांग आणि स्वतःलाही सांग, की आत्ता ठरवायचं नाही. कारण तुझा पाय अजून उत्तर द्यायच्या लायकीचा नाही. डाव्या पायाच्या बोटांनी लिव्हर उचलून गिअर टाकायचा असतो, रॉडनंतर घोटा अखडलेला असेल तर बूट त्या लिव्हरखाली जाताना पाय अख्खा गुडघ्यातून उचलावा लागतो. आणि सिग्नलला थांबलास की तीच १९५ किलोची गाडी डाव्या पायावर येते. एका डाव्या पायावर ३० सेकंद न डगमगता उभा राहा, मग त्याच पायावर २० वेळा टाच उचल. नाही जमलं तर प्रश्नच मिटला, आधी ते जमव, आणि हाड जुळल्याचा एक्सरे डॉक्टरला दाखव. जमल्यावरही चालवायची इच्छा झाली नाही तर विक, त्यात लाज कसली.

प्रश्न : काकू, एबी रोडवर स्कूटरवाला पडलेला होता, मी थांबले, १०८ ला फोन केला. घरचे ओरडले की पोलिसांच्या लफड्यात अडकशील. खरंच अडकवतात का?
कॉलेजची विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : शाब्बास पोरी. नाही अडकवत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांसाठीच्या गाइडलाइन्सना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं, चांगल्या मनाने मदत केली तर तुझ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती नाही, हॉस्पिटल तुला बिल मागू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात हॉस्पिटलला पोचवलं तर सरकारची २५,००० रुपयांची राहवीर योजनाही आहे. आणखी एक लक्षात ठेव, घरच्यांनाही सांग, मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला यादीतल्या हॉस्पिटलात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस इलाज मिळतो, पण पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, म्हणून ११२ ला पण फोन करायचा. वरच्या पत्रातल्या नर्स मुलीसारखं कर, हेल्मेट ओढू नको, पाणी पाजू नको, आणि स्वतः आधी रस्त्याच्या कडेला हो.