पहिला सीडी प्लेअर: नाव बघू नका, शेवटचा ट्रॅक वाजवून बघा

वडिलांच्या कपाटात नाट्यसंगीताच्या आणि किशोरीताईंच्या सीड्यांचा गठ्ठा सापडलाय, वाजवायला घरात काही नाही, बजेट बेताचं आहे. तेव्हा पहिला प्लेअर कुठला घ्यावा, मुंबईत कुठे मिळेल आणि आणखी सीड्या कुठे शोधाव्यात, असं तुम्ही विचारलंय. ब्रँडची नावं शेवटी कुणीतरी देईलच, मी जरा वेगळं सांगतो.

आधी माळा तपासा. तिथे एखादा डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडलेला असायची दाट शक्यता आहे. तो ऑडिओ सीडी वाजवतो. मागच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून वायर काढून अँप्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरून आवाज घेणाऱ्या सॉकेटला, लावली की झालं. पैसे खर्च करण्याआधी सगळ्या सीड्या एकदा त्यावर ऐकून घ्या. पण कायमचा तोच ठेवा असं म्हणणार नाही, कारण असे बरेच प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर अडखळतात. भावगीतांना काही फरक पडत नाही. मैफलीच्या सीडीत मात्र संथ विलंबित संपून वेगवान द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो आणि नेमका तिथेच तानपुऱ्याचा सूर तुटतो. एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येत राहतं.

आता जुना डेक, म्हणजे अँप्लिफायरला जोडायचा सेकंडहँड सीडी प्लेअर. आवाजावरून फार डोकं पिकवू नका. सीडीवर आवाज साठवायचा सोनी आणि फिलिप्सनी मिळून ठरवलेला साचा 1982 पासून तोच आहे: 16 बिट, सेकंदाला 44,100 नमुने. धडधाकट असलेल्या दोन प्लेअरमधला फरक दोन स्पीकरमधल्या फरकापुढे काहीच नाही. पैसे स्पीकरला राखून ठेवा. प्लेअरमध्ये बघायची ती सीडी वाचणाऱ्या लेझरची तब्येत.

ती अशी बघायची. दुकानात स्वतःची सीडी घेऊन जा, सत्तर मिनिटांच्या वरची. दुकानदाराची चकचकीत सीडी नको, ती त्याच्या मशीनवर वाजतेच. ट्रे आत गेला की किती ट्रॅक आहेत तो आकडा पटकन यायला हवा. डिस्क घरघरत राहिली आणि शेवटी ‘नो डिस्क’ आलं, तर लेझर थकलाय किंवा लेन्सवर धूळ आहे. आकडा आला तर थेट शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला साधारण 500 फेरे, कडेला येईपर्यंत 200. लेझर ज्या रुळावर सरकतो त्याचं वंगण वाळलेलं असेल किंवा डिस्क जराशी वाकडी असेल, तर ते कडेलाच उघडं पडतं. पहिलं गाणं सुरेख आणि शेवटचं टकटक करत उड्या मारतंय, अशी मशीन बाजारात भरपूर आहेत. शेवटचा ट्रॅक पूर्ण ऐका, दुकानदार कंटाळला तरी. ट्रे अडकत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. तो बदलता येतो, तेवढ्यावर भाव मात्र नक्की पाडा.

मागची पट्टी वाचायला विसरू नका. जपानहून आलेल्या सेटवर 100 व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या 230 वर सरळ लावलात तर धूर. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचे पैसे धरूनच भाव करा.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. तिथला फायदा असा की पिकअप म्हणजे लेझरचा भाग सुटा मिळतो. पण आधी त्याचा नंबर विचारा. सोनीच्या केएसएस-213 सारखा चालता नंबर असेल तर पुढे दुरुस्तीची आशा राहते. चोरबाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि रस्त्यावरचा बाजार नेमका शुक्रवारी पहाटे भरतो. तिथे लावून बघायला प्लग मिळाला तरच घ्या. ‘घरी जाऊन लावा, चालू आहे’ याला काही अर्थ नाही.

सीड्यांचं म्हणाल तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं आणि ‘सहज जाऊन चाळावं’ अशी जागाच गेली. आता रद्दीवाले, फ्लोरा फाउंटनचे पुस्तकवाले आणि घर रिकामं करणारी मंडळी. आमच्या दादरकडे जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला निघाल्या की नाट्यसंगीत खोक्यांनी बाहेर येतं. म्युझिक टुडे, फाउंटन, नवरास या कंपन्यांच्या शास्त्रीय सीड्या दिसल्या तर सोडू नका.

फक्त डबीची मागची बाजू वाचून घ्या. मराठी नाटकांच्या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, अगदी तशाच डबीत येतात आणि ऑडिओ प्लेअरवर वाजत नाहीत. ‘100 सदाबहार गाणी’ छाप डिस्क एमपी३ असते, जुना डेक तिला ओळखत नाही. ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ हा शिक्का शोधा. खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसली तर ती घरी बर्न केलेली कॉपी समजा. छापील डिस्क खालून स्वच्छ चंदेरी असते.

आणि ओरखड्यांबद्दल. लोक खालची बाजू न्याहाळतात आणि वरची विसरतात. चंदेरी थर असतो लेबलच्या लगेच खाली, त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. डिस्क उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथला मजकूर गेला, तो परत येत नाही. खालचे बारीक ओरखडे प्लेअर सहसा सांभाळून घेतो. पुसताना मऊ फडकं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि एकाच ठिकाणचा बराच मजकूर सलग खातो. पावसाळ्यानंतर वडिलांच्या डब्या एकदा उघडून बघा. आतलं पुस्तक डिस्कला चिकटलं असेल तर ओढू नका, डबीतून अलगद सोडवा आणि दोन्ही पंख्याखाली वेगवेगळी सुकू द्या.